किंगपिनवरचं वजन

ट्रेलरच्या धंद्यात नवा आलेला माणूस पहिल्यांदा एकच प्रश्न शिकतो: पासिंग किती? म्हणजे आरसीवर एकूण किती टनांची परवानगी आहे. तेवढं कळलं की त्याला वाटतं, वजनाचा विषय संपला. मी निपाणीहून म्हैसूरला आलो, हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत एका ट्रान्सपोर्टरकडे गाड्या भरून घेण्याचं काम धरलं, आणि त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जे काही शिकलो त्यातलं बरंचसं पासिंगच्या आकड्याच्या पुढचं आहे. गाडीवर किती वजन आहे याच्याइतकंच ते कुठं बसलंय याला महत्त्व असतं. आणि ते कुठं बसलंय हे डोळ्यांना दिसत नाही, काट्यावरच कळतं.

ज्यांनी ट्रेलर फक्त रस्त्यावर ओलांडून जाताना पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढं ओढणारा असतो तो हॉर्स. त्याच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या जरा पुढं, ग्रीस माखलेली एक जाड लोखंडी थाळी असते, ते फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक पोलादी खुंट असतो, तो किंगपिन. हॉर्स मागं घेतला की किंगपिन थाळीच्या खाचेत जाऊन अडकतो, जबडा बंद होतो. ट्रेलरला पुढं चाकं नसतात. त्याचं मागचं टोक स्वतःच्या तीन अॅक्सलवर उभं असतं आणि पुढचं टोक हॉर्सच्या पाठीवर टेकलेलं असतं. म्हणजे हॉर्स ट्रेलर ओढतो तसाच त्याचा पुढचा भार अंगावर पेलतोही. ओढण्याची ताकद आणि पेलण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक घोटाळा या दोन्हींना एक समजण्यातून होतो.

आमच्याकडे जास्त चालतात ते दोन अॅक्सलचा हॉर्स आणि तीन अॅक्सलचा ट्रेलर, अठरा टायरवाले. 2018 च्या जुलैपर्यंत त्यांचा हिशेब असा होता: पुढच्या अॅक्सलला 6 टन, हॉर्सच्या मागच्या चार टायरच्या अॅक्सलला 10.2 टन, ट्रेलरच्या तीन अॅक्सलना मिळून 24 टन. एकूण 40.2. मग केंद्र सरकारनं मर्यादा वाढवली आणि तेच आकडे 7, 11.5 आणि 27 झाले, एकूण 45.5. तीन अॅक्सलचा हॉर्स असेल, म्हणजे बावीस टायर, तर आता 55 टनांच्या गाड्याही येतात. लोक शेवटचा आकडा लक्षात ठेवतात. काम मात्र आधीचे तीन आकडे करतात.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. एका कारखान्यातून जुना प्रेस उचलून कोइमतूरकडे न्यायचा होता. दोन मोठे नग होते. एक सोळा टनांचा सांगाडा, दुसरा साधारण तेरा टनांचा. क्रेनवाल्यानं सांगाडा आधी चढवला आणि सवयीप्रमाणं पुढं, हॉर्सच्या जवळ ठेवला, कारण मागून दुसरा नग ठेवायला मोकळी जागा हवी होती. लॅशिंग झालं, साखळ्या ताणल्या, गाडी काट्यावर गेली. एकूण वजन आलं 43.8 टन. कारखान्याचा डिस्पॅचवाला खूश. म्हणाला, "अण्णा, पावणेदोन टन अजून शिल्लक आहे, एक मोटर टाकू का?"

मी ड्रायव्हरला गाडी काट्यावरून उतरवायला सांगितली आणि पुन्हा हळूहळू चढवायला लावली. पहिल्यांदा फक्त पुढची दोन चाकं काट्यावर: 6.3 टन. मग पूर्ण हॉर्स काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर: 19.4. यातून आधीचे 6.3 वजा केले की हॉर्सच्या मागच्या अॅक्सलवर 13.1 टन. परवानगी 11.5 ची. उरलेले 24.4 टन ट्रेलरच्या तीन अॅक्सलवर, जिथं 27 चालतात. म्हणजे एकूण वजनात गाडी मोकळी होती आणि एकाच अॅक्सलवर दीड टनाहून जास्त लादलेली होती. काट्याच्या पावतीवर यातलं काही दिसत नाही. पावतीवर एकच आकडा छापला जातो.

उपाय सोपा होता, फक्त त्याला क्रेन लागत होती. किंगपिनपासून ट्रेलरच्या मधल्या अॅक्सलपर्यंतचं अंतर साधारण आठ मीटर. सोळा टनांचा नग एक मीटर मागं सरकवला की सोळा भागिले आठ, दोन टन वजन किंगपिनवरून उतरून ट्रेलरच्या चाकांवर जातं. हा शाळेतल्या तरफेचा हिशेब आहे, त्यात गूढ काही नाही. सांगाडा मीटरभर मागं घेतला. पुन्हा काटा केला: पुढं 6.2, मागं 11.2, ट्रेलरवर 26.4. एकूण तेच, 43.8. आता सगळे आकडे मर्यादेच्या आत. मोटर मात्र मी चढवू दिली नाही. क्रेनचा जादा तास कुणी भरायचा यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला, तो वेगळा.

हे तीन टप्प्यांचं वजन करताना एक पथ्य पाळावं लागतं. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता काट्याच्या पातळीत सपाट हवा. चढ किंवा खड्डा असेल तर गाडी वाकते, स्प्रिंगचे पाटे एका बाजूला दबतात आणि अॅक्सलचे आकडे खोटे येतात. ब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून वजन घ्यावं. काटेवाला कुरकुर करतो, मागं रांग लागलेली असते. त्याला दोन पावत्यांचे जास्तीचे पैसे दिले की तो गप्प बसतो. माझ्या मते या धंद्यात यापेक्षा स्वस्त सौदा नाही.

आता दगडाची गोष्ट. म्हैसूरहून नंजनगूड ओलांडून चामराजनगरकडे गेलं की काळ्या ग्रॅनाइटच्या खाणी लागतात. चामराजनगर ब्लॅक म्हणून हा दगड बाहेरदेशी जातो, थडग्यांच्या शिळांपासून स्वयंपाकघराच्या ओट्यांपर्यंत त्याचा वापर होतो. खाणीत वजनकाटा नसतो. तिथं दगड घनमीटरवर विकला जातो, आणि ट्रेलरवाल्याला टनात विचार करावा लागतो. हा काळा दगड साधारण ग्रॅनाइटपेक्षा जड, घनमीटरला तीन टनांच्या आसपास. माप घ्या, तीननं गुणा, वजन आलं, इतकं हे सोपं वाटतं.

पण ब्लॉकच्या अंगावर रंगानं लिहिलेलं माप बहुतेकदा विक्रीचं असतं. कडा ओबडधोबड असतात, कोपरे तुटलेले असतात, म्हणून खरेदीदाराच्या बाजूनं लांबी, रुंदी, उंची तिन्हींतून काही सेंटिमीटर वजा करून हिशेब केला जातो. एका ब्लॉकवर लिहिलं होतं 2.8, 1.7, 1.5. म्हणजे 7.14 घनमीटर, साडेएकवीस टनांच्या आत. मी टेप लावला तर दगड प्रत्यक्षात 2.9, 1.8, 1.6 भरला. 8.35 घनमीटर, पंचवीस टन. तिन्ही मापांत फक्त दहा-दहा सेंटिमीटरचा फरक आणि वजनात साडेतीन टनांहून जास्त. हे साडेतीन टन कुणी चोरून चढवलेले नव्हते. कागद आपल्या जागी बरोबर होता, तो फक्त दुसऱ्या कामासाठी लिहिलेला होता. तेव्हापासून खाणीवर जाताना मी टेप बरोबर नेतो, आणि नव्या पोरांना सांगतो की दगडावरचा रंग वाचू नका, दगड मोजा.

कागद आणि वजन यांतला हा फरक फक्त आमच्या गल्लीतला नाही. 2007 च्या जानेवारीत एमएससी नेपोली नावाचं कंटेनर जहाज इंग्लिश खाडीत वादळात फाटलं. नंतर डेकवरचे कंटेनर उतरवून मोजले तेव्हा त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याची वजनं जाहीर केलेल्या वजनापासून तीन टनांहून अधिक वेगळी निघाली. जहाज फुटण्याची कारणं इतरही होती, पण चर्चा तापली आणि 1 जुलै 2016 पासून जगभर नियम लागू झाला की कंटेनरचं तपासून घेतलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही. बंदरात जाणाऱ्या कंटेनरच्या बाबतीत आमचं डोकं तेव्हापासून बरंच हलकं झालं. देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला असा नियम नाही. तिथं बिल्टीवर जे लिहिलं ते वजन.

माझ्या बहिणीचा मुलगा टेक्सासमध्ये असतो. त्यानं मध्यंतरी फोन करून विचारलं, मामा, मला कॅम्पिंगचा ट्रेलर घ्यायचाय, फिफ्थ व्हीलवाला, पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडायचा, तुझं मत काय? तिकडं घरासारखे राहायचे ट्रेलर असतात आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या छोट्या फिफ्थ व्हीलला जोडतात. शोरूमवाल्यानं त्याला सांगितलं होतं की तुझा पिकअप साडेपाच टन सहज ओढेल. मी विचारलं, ओढेल ते ठीक, पाठीवर किती घेईल? त्याला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाच. त्यानं वाचून सांगितलं, किलोत साधारण सातशे-आठशे. अशा ट्रेलरचं एक पंचमांश ते एक चतुर्थांश वजन किंगपिनवर येतं. साडेपाच टनांच्या ट्रेलरचं म्हणजे अकराशे ते चौदाशे किलो. त्यात तो, त्याची बायको, दोन मुलं, कुत्रा, आणि फिफ्थ व्हीलच्या थाळीचं स्वतःचं वजन. गाडी घरातून निघण्याआधीच ओव्हरलोड. त्यानं शेवटी हलका, मागं हूकला जोडायचा ट्रेलर घेतला. चामराजनगरचा दगड असो की टेक्सासमधला सहलीचा ट्रेलर, ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत सांगतात आणि पेलण्याचा आकडा शोधून वाचावा लागतो.

पेलण्याच्या आकड्यातही एक साखळी असते आणि तिची सगळ्यात कच्ची कडी म्हणजे खरी मर्यादा. म्हैसूर हे टायरचं गाव आहे. मेटगळ्ळीला विक्रांत टायर्सचा कारखाना होता, तो पुढं जेके टायरकडे गेला, ट्रकचे रेडियल टायर तिथं बनतात. त्यामुळं इथं टायरबद्दल बोलणारी माणसं चहाच्या टपरीवरही भेटतात. अशाच एका निवृत्त माणसानं मला टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिकवले. दहा-वीस मापाच्या एखाद्या टायरवर 146/143 असं कोरलेलं असतं. पहिला आकडा एकट्या टायरचा, दुसरा जोडीतल्या टायरचा. 143 म्हणजे 2,725 किलो. हॉर्सच्या मागच्या अॅक्सलला असे चार, म्हणजे 10.9 टन. 2018 नंतर कायदा म्हणतो त्या अॅक्सलवर 11.5 चालतील. कायद्याची परवानगी आणि टायरची ताकद यांत सहाशे किलोंचा फरक. त्याच मापात 149/146 चा टायर घेतला तर एकेक टायर 3,000 किलो पेलतो, चार मिळून बारा टन, आणि प्रश्न मिटतो.

मर्यादा वाढल्यावर बऱ्याच मालकांना वाटलं की त्यांच्या जुन्या गाड्याही एका रात्रीत ताकदवान झाल्या. राजपत्रात आकडा बदलल्यानं पाट्यांच्या पट्ट्या वाढत नाहीत आणि ब्रेकचे ड्रमही मोठे होत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका मालकानं जुन्याच टायरवर नव्या मर्यादेचा माल भरायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात त्याच्या गाड्यांचे टायर रस्त्याच्या कडेला पट्ट्या-पट्ट्या होऊन पडायचे. त्याला मी टायरवरचे आकडे दाखवले तेव्हा त्यानं पहिल्यांदा ते वाचले. गाडी चालवणारा, गाडीचा मालक आणि टायर बदलणारा मिस्त्री, तिघांनीही वर्षानुवर्षं त्या आकड्यांवर हात फिरवलेला होता.

वजनाबद्दल बोलताना दंडाबद्दल बोलणं भाग आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. काटा करायला थांबायचं नाकारलं तर चाळीस हजार. त्याआधी हेच आकडे दोन हजार आणि टनाला हजार होते. आणखी मागं गेलं तर काही राज्यांत पैसे भरून कार्ड घ्यायचं आणि महिनाभर बिनधास्त ओव्हरलोड चालवायचं, अशी सोय होती. सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली परमजीत भसीन खटल्यात ती बंद केली आणि सांगितलं की दंड भरून जादा माल घेऊन पुढं जाता येणार नाही, तो तिथंच उतरवला पाहिजे. मी या धंद्यात नवा होतो तेव्हा जुने ड्रायव्हर या निकालाला शिव्या घालायचे. त्यांचा राग मला आजही समजतो, कारण दंडाची झळ शेवटी त्यांनाच बसायची. माल पाठवणाऱ्या पार्टीचा, नफा मालकाचा, आणि रात्री दोनला चेकपोस्टवर उन्हातान्हात रापलेला ड्रायव्हर एकटा उभा.

इथं मला स्पष्ट बोलायचंय. ओव्हरलोड ड्रायव्हरच्या हावेपोटी होतं असं शहरातल्या लोकांना वाटतं. मी पाहिलेल्या गाड्यांत मूळ कारण भाड्याच्या पद्धतीत होतं. भाडं टनावर ठरतं. टोल, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता फेरीमागं लागतो, मग पाच टन जास्त चढवले की त्या पाच टनांचं भाडं जवळपास निव्वळ हातात राहतं. पार्टीलाही दोन गाड्यांच्या जागी एक पुरते. ज्या पार्ट्यांनी आमच्याशी फेरीवर भाडं ठरवलं, अमुक माल, अमुक ठिकाण, अमुक रुपये, त्यांच्या गाड्यांवर वजनावरून माझं कधी भांडण झालं नाही. कायद्यातही वाहन चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाऱ्याचा आणि परवानगी देणाऱ्याचा उल्लेख आहे. व्यवहारात चलन मात्र गाडीच्या नंबरावर फाटतं.

शिराडी घाटातली एक रात्र मला अनेकदा आठवते. मंगळूर बंदराकडे जाणारी मशिनरी होती. म्हैसूरहून हासन, तिथून सकलेशपूर आणि मग घाट. मी मागून कंपनीच्या गाडीनं जात होतो, कारण बंदरात कागद द्यायचे होते. ड्रायव्हर बीदरकडचा, वयानं मोठा, आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. सकलेशपूर सोडून गुंड्याच्या दिशेनं उतार लागला आणि थोड्या वेळानं मला ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. पुढं ट्रेलरच्या चाकांतून पांढुरका धूर. मामानं इंडिकेटर दिला, एका रुंद जागी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, क्लीनरनं उडी मारून चाकांखाली ओंडके टाकले.

मी पोचलो तेव्हा क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन ड्रमकडे निघाला होता. मामा ओरडला, "ए पोरा, पाणी नको टाकूस! तडकेल!" लाल तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं की चीर जाते, आणि चीर गेलेला ड्रम पुढच्या उतारावर फुटतो. आम्ही तासाभराहून अधिक वेळ नुसते उभे राहिलो. मामानं सांगितलं, गाडी सुरुवातीपासूनच ढकलत होती, तिसऱ्या गिअरलासुद्धा धरत नव्हती. आमच्या काट्यावर वजन मर्यादेत होतं, पावती माझ्या खिशात होती. मग मी साखळ्या बघितल्या. मागच्या बाजूला दोन लाकडी पेट्या होत्या, ज्या काटा करताना नव्हत्या. कारखान्याच्या फाटकावर, काटा होऊन गाडी कागदांसाठी परत आल्यावर, कुणीतरी सुटे भाग म्हणून त्या चढवल्या होत्या. ड्रायव्हरला सांगितलं होतं, हलक्या आहेत, कागदं मागून येतील. मंगळुरात तोलल्या तेव्हा दोन्ही मिळून अडीच टन निघाल्या.

उताराला वजन किती महाग पडतं ते एकदा मी पोरांना आकड्यात मांडून दाखवलं. पंचेचाळीस टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते, ती साडेसहाशे लिटर पाणी नळाच्या थंडपणापासून उकळेपर्यंत तापवायला पुरेल. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकनं त्यातला मोठा हिस्सा घेतला तर उरलेला ड्रम घेतात. ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकला, तर सगळाच्या सगळा ड्रमवर. पुण्याच्या नवले पुलाजवळ 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एका ट्रकनं बऱ्याच गाड्यांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. कात्रजच्या बोगद्याकडून येणारा तो उतार मराठी वाचकांना माहीत आहे. शिराडी त्याच्या कितीतरी पट लांब आणि वळणांची आहे.

त्या रात्रीपासून आमच्याकडे एक पद्धत सुरू झाली. काटा झाल्यावर मी साखळीच्या बाइंडरला शिशाचं सील लावतो आणि सीलचा नंबर काट्याच्या पावतीवर लिहून ड्रायव्हरची सही घेतो. वाटेत कुणी काही चढवायचं म्हटलं तर सील तोडावं लागेल, आणि सील तोडायचा अधिकार ड्रायव्हरला नाही, त्यानं मला फोन करायचा. याचा खरा उपयोग ड्रायव्हरला झाला. पूर्वी फाटकावरच्या साहेबाला नाही म्हणणं त्याच्या हातात नव्हतं. आता तो म्हणतो, माझ्या हातात नाही. बीदरच्या मामांना ही पद्धत इतकी आवडली की ते आपल्या ओळखीच्या दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनाही सांगायचे, आपापल्या सुपरवायझरला सील मागा.

म्हैसूरमध्ये वजनाची सगळ्यात नीट काळजी मी कुठं पाहिली असेन तर ती दसऱ्याच्या हत्तींची. जंगलातल्या छावण्यांतून हत्ती लॉऱ्यांतून शहरात येतात, आणि धन्वंतरी रोडवरच्या ज्या वजनकाट्यावर एरवी लॉऱ्या तोलल्या जातात, त्याच काट्यावर एकेक हत्ती उभा करून त्याचं वजन घेतात. त्यातला अभिमन्यू नावाचा हत्ती पाच टनांच्या वर भरतो. सोन्याची अंबारी साडेसातशे किलोंची. ती विजयादशमीलाच पाठीवर चढते, पण त्याआधी कित्येक आठवडे वाळूची पोती बांधून सराव चालतो, वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत नेतात, दोन्ही बाजूंचा तोल माहूत दोर ओढून ओढून तपासतात. स्वतःच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याचं ओझं, तेही वर्षातून एकदा, राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंतच्या पाच किलोमीटरसाठी. आणि त्यासाठी एवढी तयारी. मी दरवर्षी शक्य असेल तेव्हा आमच्या नव्या मुलांना ते वजन बघायला घेऊन जातो. हत्ती बघायला सगळेच येतात, मी त्यांना माहुताचे हात बघायला सांगतो.

चामराजनगरहून तामिळनाडूत उतरायचा धिंबमचा घाट सत्तावीस हेअरपिन वळणांचा. तिथं जड गाड्यांवर बरेच निर्बंध आहेत, लांब ट्रेलर आम्ही त्या वाटेनं नेतच नाही. पण छोट्या गाड्यांच्या कामानं मी तिथून गेलोय. कारापळ्ळमच्या चेकपोस्टजवळ उसाच्या लॉऱ्यांसाठी हत्ती रस्त्यावर येऊन उभे राहतात. फाळक्याच्या वरपर्यंत भरलेला ऊस चेकपोस्टच्या कमानीखाली अडतो, सुटतो, कडेला पडतो, आणि हत्तींना सवय लागते. हत्ती आणि माणसं, दोघांच्या जिवाशी खेळ. तिथला प्रश्न मोठा आहे, मी त्यातला जाणकार नाही, एवढंच म्हणेन की ओव्हरलोड गाडीपुरता राहत नाही.

रस्त्याचंही तसंच. अमेरिकेत इलिनॉयमध्ये ओटावा इथं 1958 ते 1960 दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक चालवले आणि झीज मोजली. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही रस्ते बांधणारे वापरतात: अॅक्सलवरचं वजन वाढलं की झीज त्याच्या चौथ्या घातानं वाढते. वीस टक्के जास्त वजन म्हणजे दुप्पट झीज. प्रेसच्या गाडीतला तो 13.1 टनांचा अॅक्सल 11.5 च्या जागी धावला असता तर त्यानं रस्ता दीडपटीहून अधिक खाल्ला असता, आणि गाडीचं एकूण वजन पाहून कुणीही तिला दोष दिला नसता. नंजनगूडला कपिलेवर 1735 सालचा दगडी पूल अजून उभा आहे. त्याच्या जवळून ट्रेलर जाताना मला नेहमी वाटतं, हा पूल बांधणाऱ्यांच्या डोक्यात असल्या अॅक्सलचा हिशेबच नसणार.

नकार द्यायला शिकणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग होता. सुरुवातीला मी नकार देताना कायदा सांगायचो, दंड सांगायचो. समोरचा म्हणायचा, दंड आम्ही भरू. मग मी वेगळं बोलायला लागलो. कागदावर तीन आकडे लिहून समोर ठेवायचे, पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल, ट्रेलर, आणि म्हणायचं, साहेब, यातला कुठला आकडा तुम्ही सही करून वाढवता ते सांगा. सही करायला आजवर कुणी पुढं आलेलं नाही. काही पार्ट्या सोडून गेल्या. त्यातल्या एका मोठ्या पार्टीच्या जाण्यानं आमच्या मालकाला बराच फटका बसला, महिनाभर तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. पण त्यानं मला कधी मर्यादेबाहेर गाडी सोडायला सांगितलं नाही, हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे.

म्हैसूर असो, चाकण असो की कोल्हापूरची गोकुळ शिरगाव एमआयडीसी, डिस्पॅचच्या टेबलावर बसणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी विनंती आहे. ट्रेलर मागवताना मालाचं वजन काट्यावर करून कळवा, कॅटलॉग बघून नको. नगाचा तोल कुठं आहे तिथं खडूनं फुली मारून ठेवा, क्रेनवाल्याला आणि आम्हाला तेवढं पुरतं. भाडं टनावर न ठरवता फेरीवर ठरवा. अॅक्सलचे वेगळे काटे करायला लागणारे पैसे आणि अर्धा तास बिलात धरा. आणि काटा झाल्यावर गाडी फाटकात परत आली, तर तिच्यावर काहीही चढवू नका.